हस्तर उपाशी का?

‘तुंबाड’ बघून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. पहिलं, ‘भारी आहे.’ आणि दुसरं, ‘पण नेमकं झालं काय?’ माझंही तेच झालं. हा चित्रपट पहिल्यांदा लागला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. तेव्हा तो आला कधी, गेला कधी, मला कळलंच नाही. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्या आठवड्यात गणपती आणि ईद-ए-मिलाद पाठोपाठ होते. पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा सुटी काढून सोलापूरला आला होता. म्हणाला, ‘अब्बा, चला, भुताचा पिक्चर दाखवतो.’ भुताला भ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. पण पोरगा आपणहून ‘चला’ म्हणतो तेव्हा जावं.

शेवटचा खेळ सुटल्यावर सात रस्त्याजवळ चहा घेत उभे राहिलो. त्यानं विचारायला सुरुवात केली. ‘अब्बा, तुम्ही कवी. प्रतिमा-बितिमा तुमचं खातं. सांगा बरं. त्या म्हातारीला साखळीनं का बांधलंय? हस्तरला पीठ हवं असतं, तर तो पिठाच्या रिंगणात का येत नाही? आणि दरवेळी एकच हस्तर येतो, मग शेवटी इतके आले कुठून?’ मी चहाचा कप ओठाला लावून वेळ काढला. मला उत्तर येत नव्हतं. नंतर घरी मी तो चित्रपट आणखी दोनदा पाहिला, एकदा तर कागद-पेन घेऊन. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. ज्यांना आधी चित्रपट बघायचा आहे त्यांनी इथंच रेडिओ बंद केला तरी माझा राग नाही. पण कथा माहीत असल्यानं यातली भीती कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट. हा चित्रपट आपल्याला चकवतो, त्यात थोडा दोष आपल्या सवयीचाही आहे. १९४९ सालचा कमाल अमरोहींचा ‘महल’ आठवा. पडका महाल, रात्री झुल्यावर गाणारी बाई, भिंतीवर नायकाच्याच चेहऱ्याची तसबीर. दोन-अडीच तास आपण पुनर्जन्म, पुनर्जन्म म्हणत बसतो आणि शेवटी कोर्टात कळतं की कामिनीचं भूत म्हणजे माळ्याची मुलगी. १९६२च्या ‘बीस साल बाद’मध्येही पडद्यामागं हाडामांसाचा माणूसच निघतो. त्यामुळं आपण ‘तुंबाड’ बघतानाही वाट बघत राहतो, की आता कुणीतरी मुखवटा काढेल आणि सगळा उलगडा होईल. इथं मुखवटा नाहीच. हस्तर खराच आहे. म्हातारी खरंच मरत नाही. एवढं मान्य केलं की निम्मा गुंता सुटतो.

उरलेला निम्मा गुंता आहे तो आपण चुकीच्या वस्तूमागं जातो म्हणून. चित्रपटात सोनं सारखं चमकतं, म्हणून आपली नजर सोन्यावर. मी तिसऱ्या वेळी पाहताना सोनं सोडून दिलं आणि पिठाचा माग काढला. मग कथा सुतासारखी सरळ झाली.

कथा सांगतो विनायक नावाचा बाप, आपल्या पांडुरंग नावाच्या मुलाला. सृष्टीच्या आरंभी एक देवी होती, समृद्धीची. अमाप सोनं आणि अमाप धान्य तिचं. पृथ्वी म्हणजे तिचा गर्भ. तिच्या पोटी कोट्यवधी देव जन्मले, त्यात पहिला आणि सगळ्यात लाडका हस्तर. हस्तरनं सोनं सगळं लुटलं, आणि धान्याला हात घालणार तोच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, पण अट घातली गेली, की याची पूजा कधी व्हायची नाही, याचं नाव पुराणात राहायचं नाही. आणि आईनं त्याला आपल्याच गर्भात झोपवून ठेवलं. पुढं तुंबाडच्या एका घराण्यानं सोन्याच्या लोभानं त्याचं देऊळ बांधलं. देव कोपले आणि तुंबाडवर पाऊस कोसळू लागला तो थांबेना.

बघा, सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच किल्ली हातात दिलेली आहे. हस्तरला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. तेव्हापासून तो उपाशी आहे. जगातलं सगळं सोनं ज्याच्या लंगोटात, त्याच्या पोटात दाणा नाही. पण ही ओळ ऐकू येते तेव्हा आपण अजून खुर्चीत नीट टेकलेलोही नसतो. ती निसटते.

(हस्तर कुठल्या पुराणात आहे, असं मला तीन जणांनी विचारलं. कुठल्याच नाही. ही रचलेली पुराणकथा आहे. तो मुळात कुठून आला, ते पुढं सांगतो.)

आता कथेचे तीन भाग. पहिला १९१८. तुंबाडच्या वाड्यात म्हातारे ‘सरकार’. त्यांची चाकरी करणारी, त्यांनीच ठेवलेली एक बाई, आणि तिची दोन मुलं, विनायक आणि सदाशिव. बाईच्या घरात एक अतिवृद्ध म्हातारी साखळीनं बांधलेली. ती घोरत पडलेली असते, आणि जागी व्हायच्या आत तिला खाऊ घालावं लागतं. जागी झालीच, तर म्हणायचं, ‘झोप, नाहीतर हस्तर येईल.’ सरकार मरतात. सदाशिव झाडावरून पडतो आणि जातो. एका रात्री म्हातारीला भरवायची पाळी एकट्या विनायकवर येते, आणि ती त्यालाच खायला बघते. आई पोराला घेऊन पुण्याची वाट धरते. पुन्हा तुंबाडला जाणार नाही, असं वचन ती त्याच्याकडून घेते. वाड्यात खजिना आहे हे मात्र पोराच्या डोक्यातून जात नाही.

मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. म्हातारीही एकेकाळी त्या खजिन्यापर्यंत पोचली होती आणि हस्तरनं तिला धरलं. हस्तरचा स्पर्श झाला की माणूस मरत नाही, फक्त त्याची भूक राहते. तिला बांधलंय ते ती वेडी म्हणून नव्हे, उपाशी म्हणून. आणि हस्तरचं नाव काढताच ती झोपते, कारण जगात तिला भीती आहे ती तेवढ्या एकाची.

दुसरा भाग १९३३. विनायक मोठा होऊन परत येतो. आईला दिलेलं वचन मोडून. वाडा पडलाय आणि म्हातारीच्या अंगातून चक्क झाड उगवलंय, तरी ती जिवंत. दोघांत सौदा होतो. ती खजिन्याचं गुपित सांगणार, आणि बदल्यात तो तिला जाळून मोकळं करणार. कारण हस्तरनं शिवलेल्याला सुटका एकच, आग. वाड्यातल्या विहिरीतून दोरानं खाली उतरायचं. तळाशी लाल, ओलसर, धपापणारा देवीचा गर्भ. जमिनीवर पिठाचं रिंगण आखायचं, आत बसायचं, कणकेची बाहुली पुढं टाकायची. उपाशी हस्तर भिंतीतून सरपटत येतो आणि बाहुलीवर तुटून पडतो. तो खातोय तेवढ्यात त्याच्या लंगोटाला हिसका द्यायचा, पडतील तेवढ्या मोहरा उचलायच्या आणि दोर पकडायचा. एका खेपेला मूठभर. विनायक पुण्यात श्रीमंत होतो. राघव नावाचा सावकार त्याच्याकडून मोहरा घेतो. त्याला वास लागतो, तो मागोमाग तुंबाडला येतो. विनायक सापळा लावून त्याला विहिरीत जाऊ देतो, हस्तर त्याला धरतो, आणि शेवटी विनायकच त्याला जाळतो.

दुसरा प्रश्न, रिंगणाचा. चित्रपट याचं उत्तर स्वच्छ शब्दांत देत नाही, तेव्हा माझा अर्थ सांगतो. हस्तरनं आयुष्यात एकदाच धान्याला हात लावायचा प्रयत्न केला आणि तेव्हाच त्याच्यावर घाव पडले. म्हणून जमिनीवर पसरलेलं पीठ दिसलं की त्याला ते घाव आठवतात. ते त्याच्या दृष्टीनं देवांचं धान्य. पण बाहुली? ती कुणीतरी मळून, आकार देऊन, त्याच्यासाठी आणलेली आहे. तो नैवेद्य आहे. ज्याची पूजा कुणी करायची नाही, त्याला नैवेद्य दाखवल्यावर तो कसा राहील? मुलाला हे पटलं नाही. तो म्हणाला, ‘अब्बा, ही कविता झाली.’ असेल.

तिसरा भाग १९४७. देश स्वतंत्र होतोय आणि वाडा आता सरकारजमा होणार. विनायकचा मुलगा पांडुरंग पायानं अधू, पण दोरावर चढण्या-उतरण्याचं शिक्षण त्याला बापानं लहानपणापासून दिलंय. वाडा हातातून जायच्या आत एकदाच काय ते करून घ्यायचं. पोरगा युक्ती काढतो, की मोहरा कशाला, लंगोटच पळवू. एका बाहुलीत तेवढा वेळ मिळायचा नाही, म्हणून दोघं पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात. आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर गर्भाच्या भिंतींतून बाहेर पडतात.

इथं माणसं हमखास गोंधळतात. हस्तर तर एक होता! माझं म्हणणं, हस्तर एक आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? विनायक दरवेळी एक बाहुली न्यायचा, म्हणून एक यायचा. भूक मोजली ती बाहुलीच्या मापानं. टोपलीभर नेल्या, टोपलीभर भूक आली. मग विनायक उरलेल्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो, सगळ्यांना आपल्यामागं ओढतो आणि पोराला वाट मोकळी करून देतो. बाहेर येतो तेव्हा तो विनायक राहिलेला नसतो. तशाही अवस्थेत तो मोहरांनी भरलेला लंगोट पोरापुढं धरतो. पोरगा घेत नाही. म्हातारीला म्हणायचे तेच शब्द तो बापाला म्हणतो, झोप, नाहीतर हस्तर येईल, आणि रडत बापाला काडी लावतो.

एवढीच कथा. १०४ मिनिटांची.

आता हस्तरच्या गावाकडं जाऊ. तुंबाड हे खरं गाव आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. मराठी वाचकाला ते माहीत झालं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळं. चित्रपटानं कादंबरीतलं नाव घेतलं, कथा नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. त्यांच्या डोक्यात हे बी पडलं ते नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. धारप! आमच्या पिढीला नाव काढलं तरी पाठीवर काटा येतो. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेलं धारपांचं पुस्तक मी घरात झोपताना उशाशी ठेवत नसे, उंबऱ्याबाहेर कपाटावर ठेवत असे. अम्मी म्हणायची, एवढं भ्यायचं तर आणायचं कशाला?

आणि धारपांची ‘आजी’ बेतलेली आहे अमेरिकेच्या स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या १९८४ सालच्या कथेवर. तीत एक लहान पोरगा अंथरुणाला खिळलेल्या, चेटूक करणाऱ्या आजीपाशी घरात एकटाच राहतो. तिला पडून राहायला लावायचं असेल तर एका देवाचं नाव घेऊन हुकूम द्यायचा. ते नाव हॅस्टर! किंग यांचंही ते स्वतःचं नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲम्ब्रोज बिअर्स यांनी एका कथेत हॅस्टर आणला होता. तो होता मेंढपाळांचा देव, अगदी सज्जन. पुढच्या लेखकांनी त्याला काळा केला. मेंढपाळांच्या माळावरून निघालेलं ते नाव अमेरिकेतल्या एका घरातून, पुण्याच्या धारपांच्या टेबलावरून तुंबाडच्या विहिरीत उतरलं. पण एक गोष्ट ना बिअर्सकडं आहे ना किंगकडं, ती म्हणजे उपास. हस्तरला उपाशी ठेवला तो आपल्या माणसांनी. ते ज्या मुलखात सुचतं तो मुलूख मला माहीत आहे.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाच-सहाशे पडला तरी लोक पेढे वाटतात. त्यामुळं शाप म्हणून न थांबणारा पाऊस, हे आम्हाला आधी हसूच येतं. पण विहीर बघितली आणि मी थिजलो. कारण दोर लावून अंधारात उतरायची जागा आमच्याही गावात होती. तिला पेव म्हणतात. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याकडचं. काळी रानं, ज्वारीचा मुलूख. घरात किंवा अंगणात जमिनीखाली मोठा खड्डा, तोंड अरुंद, पोट रुंद. त्यात ज्वारी ओतायची, वर माती लिंपून तोंड बंद. वर्ष-वर्ष, जास्तही, दाणा टिकतो. उघडायचं तेव्हा मात्र घाई करायची नाही. आत वाफ कोंडलेली असते. तोंड मोकळं करून हवा जाऊ द्यायची, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. पेवात उतरून गुदमरून गेलेल्या माणसांच्या हकिकती दर गावात आहेत.

आमच्या घरी पेव दोन होते. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही रिकामे झाले. मी त्यानंतरच्या वर्षी जन्मलो, म्हणून हे सगळं दादीच्या तोंडून ऐकलेलं. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो. दादीनं पायातले चांदीचे तोडे आणि गळ्यातलं होतं नव्हतं ते सोनं मोडलं. एका पायलीला काय दिलं हे ती शेवटपर्यंत सांगायची, आणि दरवेळी आकडा वेगळा असायचा. पण एक वाक्य तेच असायचं, की त्या वर्षी सोनारानं सोन्याकडं बघितलंच नाही, तो आधी माझ्या पदराकडं बघायचा, दाणे आहेत का म्हणून.

दादी गेली आणि चाचांनी म्हणायला सुरुवात केली, की म्हातारीनं सगळं मोडलं नव्हतं, काहीतरी पेवात पुरलंय. अब्बा म्हणाले, नाही. चाचा म्हणाले, तू लपवतोयस. दोघं सख्खे भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत. ईदला एकाच सफेत उभे राहायचे, गळाभेट नाही. अब्बा सोलापुरात मागावर होते, गावाकडं जाणं त्यांनी टाकलं. एका उन्हाळ्यात चाचांनी बुजलेलं पेव उकरलं. मी कॉलेजात होतो, सुटीत गावी गेलो होतो, कंदील मीच धरला होता. तो विझला नाही. चाचा उतरले. बराच वेळ खालून नुसता खरवडल्याचा आवाज. मग दोर हलला. वर आले तेव्हा त्यांच्या मुठीत काळी पडलेली, कुजलेली ज्वारी होती. ते काही बोलले नाहीत. ती मूठ त्यांनी माझ्या ओंजळीत रिकामी केली, आणि चुलीपाशी जाऊन चाचीला म्हणाले, भाकरी दे.

विनायक बाहुलीमागून बाहुली टाकत मोहरा गोळा करतो, तेव्हा मला चाचा दिसतात. मोहरा मिळाल्या म्हणून विनायक वाईट आणि नाही मिळाल्या म्हणून चाचा चांगले, असं काही नाही. मिळाल्या असत्या तर चाचा पुन्हा उतरले असते. अब्बाही उतरले असते, माझी खात्री आहे. अब्बा ‘नाही’ म्हणाले ते त्यांना माहीत होतं म्हणून, की भावाला अडवायला, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणूनच मला चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग हस्तरचा वाटत नाही. विनायक लहानग्या पांडुरंगाला दोरावर चढायला शिकवतो, पोरगा बापाकडं कौतुकाच्या आशेनं बघतो, तो प्रसंग मला वाटतो. बाप पोराला आपली भूक शिकवतोय आणि दोघांना ते प्रेम वाटतंय. ते प्रेम आहेही, हीच तर पंचाईत.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, चार-पाच दिवस. पेवाची हकिकत त्याला ठाऊक नव्हती. माझीच चूक. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘अब्बा, दुसरं पेव उकरलं होतं का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तो हसला. मीही हसलो. पण नंतर रात्री उशिरापर्यंत मला झोप लागली नाही. गावचं घर अजून आमच्या दोघा घरांच्या नावावर आहे, वाटणी झालेली नाही, आणि पुढच्या महिन्यात तो चार दिवसांची रजा घेऊन येतोय.